सबनीसबाईंचं ‘असू शकतं’

दिल्लीत आमच्या द्वारकेच्या सोसायटीत लिफ्टमध्ये माणसं भेटली की नमस्तेजी म्हणतात, नाहीतर मोबाइलमध्ये तोंड घालतात. सबनीसबाई विचारायच्या, “पोट कसं आहे?”

हे त्या कुणालाही विचारायच्या. दूधवाल्याला, सोसायटीच्या अध्यक्षांना म्हणजे प्रधानजींना, तिसऱ्या मजल्यावर नव्यानं आलेल्या सुनेला. हिंदी माणूस असला की “पेट कैसा है?” आणि समोरचा “ठीक है” म्हणाला की बाईंचं समाधान व्हायचं नाही. ठीक म्हणजे कसं? दिवसातून किती वेळा? पातळ की घट्ट? तळमजल्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्या माणसाची आतून-बाहेरून चौकशी व्हायची. नवी सून पुढं जिन्यानं ये-जा करायला लागली. तिची तब्येत सुधारली.

मी सातवी पास. एका मंत्रालयात स्टाफ कार चालवली, रिटायर झालो. जन्मभर आरशातून मागच्या सीटवरची माणसं बघितली. मोठमोठी माणसं. पण सबनीसबाईंइतकं खरं बोलणारं माणूस मी बघितलं नाही, आणि खरं बोलून इतक्या रिक्षा हातच्या घालवलेलंही बघितलं नाही. त्याचं पुढं सांगतो.

बाई पुण्याच्या. लग्न केलेलं नाही. सुती साडी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये स्वतःचा चमचा, आणि खांद्याला निळी बर्फाची पेटी, लोक पिकनिकला कोल्ड्रिंक नेतात तसली. एका मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत त्या संशोधन करायच्या. कशावर, ते त्या पेटीत असायचं.

आम्ही आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून इथं दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो त्याला आठवडाही झाला नव्हता. बाजारातून येत होतो. माझी बायको शालन लिफ्टमध्ये माझा दंड घट्ट धरून उभी होती. म्हणजे घाई होती. तिला मोठ्या आतड्याचा आजार होता, आतून सूज आणि जखमा. दिवसात दहा-दहा, बारा-बारा वेळा जावं लागायचं, रक्त पडायचं. दिल्लीत कुठल्या बाजारात, कुठल्या पेट्रोलपंपावर संडास आहे हे मला ड्रायव्हर असून माहीत नव्हतं तेवढं तिला माहीत होतं. पण आजार तिनं सगळ्या सेक्टरपासून लपवलेला. “गॅसेस होतात हो” एवढंच सांगायची.

तेवढ्यात लिफ्टमध्ये ही बाई शिरली. आमचं मराठी ऐकलं, आणि शालनकडं बघून म्हणाली, “पोट कसं आहे?”

शालन एकदम म्हणाली, “फार वाईट आहे हो,” आणि रडायलाच लागली.

“रक्त पडतं?”

“पडतं.”

“किती वर्षं?”

“नऊ.”

लिफ्ट थांबली. बाई म्हणाल्या, “आधी जाऊन या. मी थांबते.” आणि आमच्या दारासमोर अर्धा तास उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आत या, बसा. तर म्हणाल्या, “नको, पेटी आहे.”

“काय आहे पेटीत?”

“मल. अकरा जणांचा.”

मी मंत्रालयाचा माणूस. डिकीतून फायली नेल्या, आंब्याच्या पेट्या नेल्या, एकदा एका साहेबांची सासू व्हीलचेअरसकट नेली. पण याला काय म्हणावं ते सुचेना. मी म्हणालो, “अच्छा.”

तशी आमची ओळख झाली. त्या शालनला वहिनी म्हणायच्या आणि मला नुसतं ‘मोहिते’. शालन त्यांना बाई म्हणायची. सोसायटीतली पोरं त्यांना पॉटीवाली आंटी म्हणायची, तेही त्यांच्या तोंडावर, आणि बाई “हां बेटा” म्हणून ओ द्यायच्या.

शालनचा एकच प्रश्न होता. इतर लोक डॉक्टरला विचारतात, बरं कधी होणार. शालन विचारायची, “कशानं झालं?” डॉक्टर म्हणायचे, माताजी, पक्कं कुणालाच माहीत नाही. ते ऐकून तिचं भागायचं नाही. माझी बहीण म्हणाली, तापट स्वभावानं झालं. एक महाराज म्हणाले, कुलदेवीचं राहिलंय. आणि मी काय म्हणायचो? मी म्हणायचो, “बाहेरचं काहीतरी खाल्लं असशील.” एकदा नाही, वर्षानुवर्षं म्हणालो. तिला ताप आला की म्हणायचो, रक्त पडलं की म्हणायचो. ती म्हणायची, “नाही हो, काही नाही खाल्लं.” मला बाहेरच्या खाण्याचा तिटकारा आहे असं मी सगळ्यांना सांगत असे. पुढं वाचा.

तर शालननं हा प्रश्न सबनीसबाईंना विचारला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, “आम्ही विषाणू बघतोय. त्यांचा हात असू शकतो.”

“म्हणजे विषाणूनं झालं?”

“असू शकतं.”

“म्हणजे नाहीही?”

“तेही असू शकतं.”

मी मध्येच म्हणालो, “बाई, तुम्ही डॉक्टर का वकील?”

त्यांना राग आला नाही. त्यांना राग येतच नसे, तेवढा वेळ नसायचा. मला समजावून सांगायला लागल्या. आतडं म्हणजे तुमचं आर. के. पुरम समजा, मोहिते. त्यात कोट्यवधी जंतू राहतात, क्वार्टरं मिळाल्यासारखे. बरेचसे गुणी, आपापलं काम करणारे. आणि त्या जंतूंनाही पछाडणारे विषाणू असतात, त्याहून बारीक. ज्यांच्या आतड्याला हा आजार असतो त्यांच्यात या विषाणूंचा मेळ निराळाच दिसतो. पण विषाणू बदलले म्हणून आतडं बिघडलं, का आतडं बिघडलं म्हणून विषाणू बदलले, ते कळत नाही. “जिथे भांडण असतं तिथे पोलीस दिसतात. म्हणून पोलिसांनी भांडण लावलं असं म्हणता येत नाही.”

मी म्हटलं, “दिल्लीत म्हणता येतं.”

बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, “असू शकतं.”

हा त्यांचा शब्द. भाजीवाला म्हणाला, मॅडम, मटार एकदम ताजा, तर “असू शकतं.” प्रधानजी म्हणाले, पुढच्या महिन्यात लिफ्ट नवीन बसणार, तर “हो सकता है.” करोनाच्या दिवसांत सगळी सोसायटी इंटरकॉमवरून त्यांच्या मागे लागली, तुम्ही विषाणूवाल्या ना, सांगा कधी जाणार? बाई म्हणाल्या, “तो वरच्या मजल्याचा आहे, नाकातला. मी खालचा मजला बघते.”

पेटीवरून मात्र एकदा रण माजलं. बाई आसपासच्या सेक्टरांतून सकाळी-सकाळी डब्या गोळा करून आणायच्या, बर्फ बदलायच्या आणि हॉस्पिटलला निघायच्या. कुणीतरी तक्रार केली की लिफ्टमधून गंदगी नेतात. नोटीस लागली. सोसायटीची मीटिंग भरली. प्रधानजी उभे राहून म्हणाले, “हमें मैडम से कोई शिकायत नहीं. लेकिन यह चीज लिफ्ट में नहीं जाएगी.”

बाई उठल्या. शांतपणे म्हणाल्या, माझी डबी तीन झाकणांत बंद असते, बर्फात असते, वर चिकटपट्टी असते. आपण सगळे इथं बसलो आहोत, प्रत्येकाच्या पोटात हीच वस्तू आहे, बिना झाकणाची. आपण रोज लिफ्टनं जातो. आपलं काय करायचं, तेही आज ठरवून टाकू.

मीटिंगमध्ये कुणी कुणाकडं बघेना. प्रधानजी खुर्चीत जरा सावरून बसले. विषय तिथंच संपला आणि चहा आला. चहा कुणी घेतला नाही, बाईंनी दोन कप घेतले.

आता आमचं सांगतो. बाईंच्या कामाला जोड्या लागायच्या. एकच घर, एकच चूल, एकच पाणी, एक माणूस आजारी आणि एक धडधाकट. दोघांच्या डब्या दर पंधरा दिवसांनी, दोन वर्षं. नाव कुठं लिहायचं नाही, नुसता नंबर. शालन सतरा-अ झाली आणि मी सतरा-ब.

मी आधी नाही म्हणालो. मी म्हटलं, बाई, जन्मात कुणाला दिलं नाही ते तुम्हाला कसं देऊ? बाई म्हणाल्या, “मोहिते, निरोगी माणूस मिळत नाही हो दिल्लीत. तुम्ही आहात.” झालं. नोकरीत मला कुणी मेडल दिलं नाही, इथं सरकारमान्य निरोगी निघालो. मी गेटवरच्या गार्डलासुद्धा सांगून आलो. शालन म्हणाली, “संडासाचा एवढा गर्व पहिल्यांदाच बघतेय मी.”

डबीबरोबर एक वही असायची. रोज काय खाल्लं ते खरंखरं लिहायचं. दोघांचंही शालनच लिहायची. ती नववी शिकलेली, पाळणाघरात नोकरी केलेली, अक्षर मोत्यासारखं. माझं अक्षर म्हणजे रस्त्यावर ब्रेक मारल्याच्या खुणा. आमच्या घरात तेव्हा मिरची नव्हती. तिखट नाही, मसाला नाही, लोणचं नाही. शालनला सोसायचं नाही, आणि मी तिच्या भावासमोर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, “ती खाईल तेच मी खाईन.” भावाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग वहीत रोज दोन ओळी. ‘मी : मऊ भात, मूगडाळ, ताक.’ खाली, ‘हे : मऊ भात, मूगडाळ, ताक.’

तीन-चार महिने गेले. एका रविवारी सकाळी बाई आल्या. पेटी नव्हती, हातात कागद.

“मोहिते, जरा जिन्यात या.”

मी म्हटलं, “जिन्यात कशाला? इथंच बोला. आमचं काही लपवाछपवीचं नसतं.”

“जिन्यात आलात तर बरं.”

“इथंच बोला हो.”

शालन घाबरली. “बाई, काही वाईट निघालं का यांचं?”

“वाईट नाही.”

“मग सांगा ना.”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. शेवटची संधी देत होत्या, ते मला आत्ता कळतं. मी मान ताठ करून म्हणालो, “बोला.”

“मिरचीच्या झाडाला एक विषाणू लागतो,” बाई म्हणाल्या. “माणसाला त्याचं काही होत नाही. मिरचीबरोबर पोटात जातो आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. सतरा-बमध्ये तो आहे.”

शालन म्हणाली, “पण घरात मिरचीच नाहीये.”

“म्हणूनच विचारायला आले.”

मी म्हटलं, “असेल एखादा.”

“एखादा नाही, मोहिते. जत्रा भरलीय.”

मी ड्रायव्हर माणूस, अंगावर गाडी आली तरी स्टिअरिंग सोडत नाही. मी म्हणालो, “हवेतून आला असेल. शेजारी फोडण्या देतात, केवढा ठसका येतो. श्वासातून गेला असेल पोटात.”

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. खरंच केला. “असू शकतं,” त्या म्हणाल्या.

मी सुटलो असं वाटलं.

“पण मग वहिनींच्या डबीतही आला असता. हवा एकच आहे. त्यांच्यात नाहीये.”

नोकरीत एकदाही चलान झालं नाही, कधी गाडीला ओरखडा नाही, आणि म्हातारपणी मला एका मिरचीनं पकडून दिलं.

खरी गोष्ट अशी होती की रोज संध्याकाळी मी वॉकला जायचो. मेट्रो स्टेशनच्या खाली एक छोले-कुलचेवाला उभा राहतो. सोबत चटणी आणि व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्या. छातीवर हात ठेवला त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी तिथं जात होतो.

मी सगळं सांगितलं. शालननं ऐकून घेतलं. ओरडेल असं वाटलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, “माझ्या अक्षरात खोटं लिहायला लावलंत.”

बाई म्हणाल्या, “वही दुरुस्त करायला लागेल. कुठल्या दिवशी खाल्लंत?”

“रोज.”

“रविवारी?”

“रविवारी दोन प्लेटी.”

“मिरच्या किती?”

“बाई, आता मिरच्यासुद्धा मोजू?”

“अंदाजे सांगा.”

शालननं स्वतःचं पेन काढून बाईंना दिलं आणि आत निघून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मऊ भात वाढायची, ताटावर ताट आपटायची, बस.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई डब्या न्यायला आल्या. पंधरवड्याचा दिवस होता. शालननं त्यांना बसवलं. मीही तिथंच पेपर धरून बसलो होतो, उलटा असावा. शालन खुर्चीच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, “बाई, मलाही वही दुरुस्त करायचीय.”

“कुठली तारीख?”

“वहीच्या आधीचं आहे. पुष्कळ आधीचं.”

आणि तिनं सांगितलं. आर. के. पुरमला असताना पगाराच्या दिवशी पाळणाघरातल्या सगळ्या जणी बाजारात गेल्या होत्या. तिथं गोलगप्पे, म्हणजे आपली पाणीपुरी, खाल्ले. हिनं आठ खाल्ले. तीन-चार दिवसांनी ताप आणि जुलाब. ते थांबले. मग दोन-एक महिन्यांनी पहिल्यांदा रक्त दिसलं. “हे म्हणायचे, बाहेरचं खाल्लं असशील. मी दर वेळी नाही म्हणाले. इतकी वर्षं नाही म्हणतेय. यांच्यात मिरची सापडली म्हणून मी दोन दिवस तोंड फिरवून बसले, आणि माझं तर... बाई, त्यानंच झालं ना मला हे? मीच ओढवून घेतलं ना?”

मला माहीत होतं आता कुठला शब्द येणार. आणि तो शब्द आला की शालन उरलेला जन्म त्या आठ गोलगप्प्यांवर काढणार, हेही माहीत होतं. बाई खोटं बोलत नाहीत याचं मला कौतुक होतं. त्या दिवशी मी मनात म्हटलं, बाई, आज एकदा बोला. कुणाचं काही बिघडत नाही.

बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला.

“त्या दिवशी तुम्ही किती जणी होतात?”

“सहा.”

“सगळ्यांनी खाल्ले?”

“हो. मंजूनं तर पंधरा खाल्ले.”

“तिला काय झालं?”

“तिला काही नाही. तिला नंतर जुळं झालं.”

“ते गोलगप्प्यांनी झालं नसावं,” बाई म्हणाल्या. मग पेटी बाजूला ठेवून शालनसमोर खुर्ची ओढून बसल्या. “वहिनी, त्या पाण्यातून एखादा विषाणू आला का? असू शकतं. त्यानं आतड्यात काही सुरू केलं? असू शकतं, नसूही शकतं. मला माहीत नाही, आणि जो माहीत आहे म्हणतो तो डॉक्टर असला तरी त्याच्याकडं जाऊ नका. पण तुमचं चुकलं का, हा प्रश्न निराळा आहे. तो माझ्या लॅबचा नाही. तरी त्याचं उत्तर मला येतं. विषाणू कुणाची चूक बघून आत शिरत नाही. सहा जणी भूक लागली म्हणून खाऊन आल्यात. तुमचं काही चुकलं नाही. हे नक्की.”

शालन त्यांच्याकडं बघत राहिली. “नक्की?”

“नक्की. मी स्वतः परवा खाल्ले. बारा.”

“तुम्ही? विषाणूवाल्या असून?”

“मलाही भूक लागते.”

शालन हसली. हसता हसता पदर तोंडाला लावला, मग ते हसू होतं का काय ते मला कळेना. मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, “मीही तसं म्हणायला नको होतं. इतकी वर्षं.”

शालन बाईंना म्हणाली, “हे लिहून घ्या वहीत. तारीख घाला.”

आणि बाईंनी खरंच लिहून घेतलं. त्या दिवशी दुपारी शालननं माझ्या ताटात मऊ भाताशेजारी मिठात परतलेल्या दोन हिरव्या मिरच्या वाढल्या. “माझ्यासमोर खा,” म्हणाली. मी खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी आलं. मिरच्या तिखट होत्या.

‘नक्की’ हा शब्द बाईंच्या तोंडून मी तेवढा एकदाच ऐकला. शालननं तो पुरवून पुरवून वापरला. रक्त पडलं की मी तिचा हात धरून बसायचो, आणि ती म्हणायची, “नक्की म्हणाल्या ना त्या?” मी म्हणायचो, “नक्की म्हणाल्या.” आजार तोच होता, गोळ्या त्याच. पण पूर्वी संडासातून बाहेर येताना ती खाली बघत यायची. आता टीव्हीवर काय लागलंय विचारत यायची.

गेल्या वर्षी थंडीत तिला न्यूमोनिया झाला. ती गेली ती छातीनं गेली, आतड्यानं नाही नेलं तिला. बाई हॉस्पिटलात आल्या. बेडपाशी उभ्या राहिल्या आणि सवयीनं विचारलं, “पोट कसं आहे?”

शालननं मास्क जरा उचलला. “पोट फर्स्ट क्लास आहे बाई. छातीचं तेवढं बघा.”

“छाती माझा मजला नाही हो,” बाई म्हणाल्या, आणि खिडकीकडं तोंड करून चष्मा पुसत राहिल्या. किती वेळ. एवढी काच पुसली तर झिजली असती.

लोक भेटायला आले. म्हणाले, सुटली बिचारी. म्हणाले, देवाची इच्छा. बाई एकट्या अशा की काहीच म्हणाल्या नाहीत. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि निघताना मला विचारलं, “पोट कसं आहे?” मी म्हटलं, चार दिवस झालं नाहीये. “होईल,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पपई पाठवली. अख्ख्या दिल्लीत माझ्या दुःखावर काहीतरी उपाय पाठवणारं तेवढं एकच माणूस.

या मार्चमध्ये बाई रिटायर झाल्या. पुण्याला भावाकडं जायचं ठरलं. जायच्या आदल्या आठवड्यात आल्या. हातात डबी.

“मोहिते, सतरा-बची शेवटची एक राहिलीय. वहिनी गेल्या त्या वेळी मागवेना मला.”

मी म्हटलं, “आता कशाला? जोडी कुठं राहिली?”

“आहे ना. सतरा-अ आहे. सगळ्या डब्या आहेत वहिनींच्या. लॅबच्या फ्रीजरमध्ये, उणे ऐंशीला.”

मी तिची राख यमुनेत सोडली. साड्या तिच्या भावजयीला दिल्या. घरात तिचं म्हणून वही आणि चष्मा राहिला होता. मला वाटत होतं तेवढंच राहिलं. “अजून आहे?” मी विचारलं.

“आहे.”

“किती दिवस राहील?”

“वीज आहे तोवर.”

“दिल्लीत?”

“जनरेटर आहे,” बाई म्हणाल्या.

“आणि माझी कुठं ठेवता?”

“जोडी एकाच कप्प्यात असते. अ आणि ब शेजारी.”

मी त्यांच्या हातातली डबी घेतली. मग विचारलं, “शेवटी निघालं काय, बाई? विषाणूनं होतं का?”

“असू शकतं.”

“दोन वर्षं माझा संडास नेलात, आणि निघालं काय, तर असू शकतं?”

“आम्ही सुरू केलं तेव्हा ‘माहीत नाही’ होतं,” बाई म्हणाल्या. “आता ‘असू शकतं’ आहे. एका नोकरीत एवढं पुष्कळ झालं.”

सकाळी मी डबी तयार ठेवली. वहीत मी स्वतः लिहिलं. शालनच्या शेवटच्या ओळीखाली, माझ्या ब्रेक मारलेल्या अक्षरात. ‘मी : छोले-कुलचे एक प्लेट, मिरच्या तीन.’ त्याच्यावर तिच्यासाठी असते तशी एक ओळ मोकळी सोडली. बाईंनी वाचलं.

“तीनच?”

“तीनच. नक्की.”

त्यांनी वही मिटली आणि मलाच परत दिली. “ही तुमच्याकडं राहू दे. मी फोटो काढून घेतलाय.” फोटो कधी काढला ते मला दिसलं नाही. विचारलंही नाही.

मी गेटपर्यंत गेलो. हॉस्पिटलची गाडी बाईंना कधी वेळेवर मिळाली नाही, आणि पेटी घेऊन मेट्रोत बसायचं नाही हा त्यांचा स्वतःचाच नियम. म्हणून रिक्षा. आणि रिक्षाचं ते नेहमीचंच. पहिला थांबला. पेटीकडं बघून म्हणाला, “मैडम, इसमें क्या है?”

“टट्टी,” बाई म्हणाल्या.

रिक्षा निघून गेली. दुसरा थांबला. त्यानंही विचारलं, त्यालाही तेच सांगितलं, तो तर मीटर न टाकताच पळाला. मी गेटमधून ओरडलो, “अहो बाई, आजच्या दिवस मिठाई म्हणा की! माझीच आहे, माझी हरकत नाही!”

बाईंनी नुसती मान हलवली.

तिसरा म्हातारा सरदार होता. त्यानं विचारलं, बाईंनी सांगितलं. त्यानं पेटीकडं बघितलं, बाईंच्या कॅनव्हासच्या बुटांकडं बघितलं, मग गेटमध्ये उभ्या असलेल्या माझ्याकडं.

“बैठो जी,” तो म्हणाला. “किसकी नहीं होती.”

बाई बसल्या. पेटी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली, कुणाचं तान्हं मूल धरावं तशी. रिक्षा वळताना त्यांनी बाहेर डोकं काढून मला काहीतरी विचारलं. आवाजात ऐकू आलं नाही, पण काय विचारलं ते मला माहीत होतं.

मी ओरडून सांगितलं, “ठीक आहे!”

ठीक म्हणजे कसं, हे विचारायला त्या थांबल्या नाहीत.